मारायच्या गोष्टी

ये वो पोरी, जवळ येऊन बस. अशी लांबून, चोरासारखी बोलू नकोस. लग्न होऊन गेलीस ती या घराची पायरी पुन्हा चढली नाहीस, आणि परवा फोन केलास तर काय विचारलंस? मी तूर पाखडत होते. म्हटलं, पोरगी खुशाली विचारेल, लेकीचं बोबडं बोलणं ऐकवेल. तर तू आवाज दाबून म्हणालीस, "मोठी माय, खरं सांग. मी तवा कोनाले मारलं होतं का?"

सूप हातातून पडलं माझ्या. सगळी तूर अंगणात. असं विचारतात का वो? आणि विचारायचंच होतं तर अकरा वर्षं कशाची वाट पाहिलीस?

तू म्हणालीस, अकरा वर्षांमागच्या त्या चार महिन्यांतलं काही धड आठवत नाही, पण रक्त आठवतं. आणि मग हळूच दुसरं सांगितलंस. घरात तू विळी ठेवत नाहीस. जावईच भाजी चिरून कामावर जातात. लेक दोन वर्षांची झाली, तरी ती जवळ असताना तू सुरीला हात लावत नाहीस. का, तर आपलं काही खरं नाही, आपण पूर्वी केलेलं आहे.

फोनवर माझी जीभ भलतीकडे पळते, म्हणून लिहायला बसले. मी शाळेत गेलेली नाही हे तुला ठाऊक आहे. अक्षरं शिकले ती बियाण्याच्या पाकिटांवरून आणि फवारणीच्या डब्यांवरून. स्वतःच्या अकलेने वाचलेला पहिला शब्द 'विष' होता. तेव्हा माझ्या शुद्धलेखनाला नावं ठेवू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही. तू कोणालाच मारलं नाहीस. पण चुलतीच्या एका 'नाही'वर तुझा भरवसा बसणार नाही. साऱ्या गावाने अकरा वर्षं 'हो' म्हणून ठेवलंय. म्हणून नीट ऐक, कसं झालं ते.

त्या वर्षांत आपल्या भागात दुसरं बोलणंच नव्हतं. कपाशीचं नवं बियाणं आलं तेव्हा माणसं छाती फुगवून सांगायची, या पऱ्हाटीला बोंडअळी लागत नाही, अळीने पान खाल्लं की अळीच खलास. फवारणीचे पंप भंगारात द्यायला काढले होते कितीकांनी. मग दोन-चार हंगाम गेले. मावा आला, तुडतुडे आले, आणि मागाहून बोंडात बसून आतून पोखरणारी गुलाबी अळीही आली. भंगारातले पंप पुन्हा पाठीवर. सकाळी चहापासून सुरू.

"काय मारलं बे तुनं?"

"दोन पंप मारले काल."

"मेली का मंग?"

"कायची मरते! डोये वटारून पाह्यते मायाकडं."

"मंग कडक मार ना बे. दोन औषधं एक करून मार."

"उद्या मारतोच. वारं सुटाच्या आंधी."

आपल्याकडे फवारणी करत नाहीत, मारतात. औषध मारतात, पंप मारतात, आणि संध्याकाळी पारावर बसून कोणी काय मारलं याच्या बढाया मारतात. एकेकाचा तोरा असा, की जणू वाघ मारून आला. आणि मारलं काय, तर नखाएवढी अळी, तीही मेलेली नाही.

कृषी केंद्रवाल्याला तर सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. पऱ्हाटीचं एक पान लाल पडलं की तुझे बाबा ते पान खिशात घालून, सायकल काढून, जेवण टाकून त्याच्याकडे पळायचे. तो पान उलटं करणार, सुलटं करणार, डोळा बारीक करणार आणि डबा काढून देणार. पानासाठी पळणारी ही माणसं घरातली पोरगी पिवळी पडत चालली तेव्हा जागची हलली नाहीत. हे मी विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

तू तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. बसने खामगावला जायचीस, यायचीस. आधी तुझं जेवण कमी झालं. मग ताट तीन-तीनदा धुवायला लागलीस. "औषधाचा वास येते ताटाले," म्हणायचीस. तुझी आई करवादायची, "रानीसाहेबाले सोन्याचं ताट आना!" पण खोटं काय होतं त्यात? तुझे बाबा औषध मारून यायचे आणि त्याच हाताने भाकरीचा टोपला ओढायचे. वास यायचाच. आम्हाला सवय झाली होती म्हणून येत नव्हता.

मग एक दिवस दुपारी तू माझ्याजवळ येऊन बसलीस. मी सरकी वाळत घालत होते. म्हणालीस, "मोठी माय, आपल्या घरी हे रोज कोनाले माराचं बोलून राह्यले?"

मी हसले. "अळीले वो बाई. दुसऱ्या कोनाले?"

तूही हसलीस. हसून घरात गेलीस. दाराशी थांबून परत आलीस आणि म्हणालीस, "मले बी माहीत हाय अळीलेच म्हनते. पन मले तसं ऐकू नाई येत. मायंच नाव घेतल्यासारखं वाटते."

अर्धी तू तेव्हा जागेवर होतीस पोरी. तुला कळत होतं की हे खरं नाही, आणि तरी ते खरं वाटत होतं. दोन पायांखाली दोन वेगळ्या जमिनी असल्यासारखी तू चालत होतीस. त्या दिवशी कोणी हात धरला असता तर पुढचं अर्धं टळलं असतं. तू सांगायला आली होतीस माझ्याकडे. आणि मी काय म्हटलं? "अभ्यासानं डोकं फिरलं तुयं. डोक्याले तेल लाव." तेल! शहाणीच होते मी.

आठ दिवसांनी तू पुन्हा आलीस. यावेळी बसली नाहीस, उभ्याउभ्याच बोललीस. म्हणालीस, डोळ्यांपुढे चित्रं येतात. आई तासात पडलेली दिसते, पऱ्हाटीच्या दोन ओळींच्या मध्ये, मान कापलेली. "म्या नाई पाह्यत वो, ते आपोआप दिसते. म्या डोये मिटले तरी दिसते." तू भ्यालेली होतीस, एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. मला नाही दिसलं. मी स्वतःच भ्याले, आणि भ्यालेलं माणूस आधी तोंड उघडतं.

दुसऱ्या दिवशी शेतात निंदणाला बाया होत्या. दहा-बारा जणी ओळीत. हात खाली, जिभा मोकळ्या. मी म्हटलं, "आमची पोरगी मारायच्या गोष्टी करते आजकाल. काय करावं समजत नाई."

एवढंच वाक्य. मारायच्या गोष्टी करते. मला म्हणायचं होतं की आपल्याला कोणी मारेल असं तिला वाटतं, त्या भीतीच्या गोष्टी करते. पण आपली भाषा बघ कशी लबाड आहे. त्याच वाक्यात मारणारी तू झालीस. तास संपेपर्यंत वाक्य पलीकडच्या टोकाला पोचलं होतं: "मारीन म्हनते आईले." डबे सोडायची वेळ झाली तोवर: "इळा घेऊन बसते म्हने." दिवस मावळला तेव्हा पारावर तुला नाव पडलं होतं. मारकी. शिंग उगारणाऱ्या गाईला म्हणतात तसं. जन्मात कधी मांजर हाकललं नाहीस तू, आणि मारकी!

आणि ज्यांनी नाव ठेवलं ते कोण? ज्यांच्या घरची बाई दर पंधरा दिवसांनी सुजलेला गाल पदरात लपवून पाण्याला यायची, ते. त्यांना कोणी कधी मारकं म्हटलं नाही. त्यांना 'जरा तापट स्वभाव' म्हणतात.

मग आपल्या घरातले हुशार लोक कामाला लागले. तुझे मोठे बाबा, म्हणजे आमचे हे, त्यांनी हुकूम सोडला: धारेच्या वस्तू लपवा. विळी, इळे, कुऱ्हाड, अडकित्ता. उलथनंसुद्धा. उलथन्याने कोणाचा जीव घ्यायचा होता, ते त्यांनाच विचार. सगळं नेऊन समोरच्या खोलीत मागच्या सालच्या कापसाच्या ढिगात खुपसलं. आठ दिवस मी भाकरी हाताने उलथली, बोटं पोळून घेतली. आणि खऱ्या विषाचे डबे? ते गोठ्यात तसेच, झाकणं सैल. ते कोणाला सुचलं नाही. ते नंतर मी कुलपात घातले, तेवढं एक काम माझ्या हातून धड झालं.

पण तुझ्या बाजूने बघ ना जरा. तुला वाटतंय की घरचे आपल्याला मारणार आहेत. रोज कानावर 'उद्या मारू, कडक मारू' येतंय. आणि एका दुपारी तू खिडकीतून बघतेस, तर सख्खे बाप आणि काका गुपचूप, इकडे तिकडे बघत, इळे आणि कुऱ्हाड कापसात लपवतायत. कोणाचं डोकं जागेवर राहील? माझं नसतं राहिलं. त्यांनी तुझी भीती घालवली नाही, तिला पुरावा आणून दिला.

त्यानंतर तू बोलणंच सोडलंस. मग सल्ले सुरू झाले. लग्न करून टाका, आपोआप ठिकाणावर येते. अशा लोकांना मला विचारावंसं वाटतं, ज्या घरात ती जाईल त्या घराने तुमचं काय वाकडं केलंय? पण तेव्हा मीही मान डोलावली. साखरखेर्ड्याकडचे पाहुणे पाहायला यायचं ठरलं. आणि त्याआधी पोरगी 'साफ' करून घ्यायची म्हणून तुझ्या बाबांनी भगत आणला.

तो भगत! कपाळभर शेंदूर, हातात लिंबाच्या ओल्या फोका. गोठ्यातल्या वासराला भीत होता, दहा पावलं लांबून गेला, आणि भूत काढायला आला होता. चहा प्याला, दुसऱ्यांदा मागून प्याला, आणि म्हणाला, "इच्यातलं वारं साधं नाई. याले मारूनच काढा लागते. शनवारी येतो."

तू दाराआड होतीस. मारूनच काढा लागते. आता तर अळीचं नावही नव्हतं मध्ये.

शनिवारी सकाळी आमच्याकडे पहिली वेचणी होती. वेचणीआधी शेतात सीतादही करतात, तुला आठवत असेल. कापसाच्या चार झाडांना सूत गुंडाळायचं, दहीभात ठेवायचा, हात जोडायचे आणि मग पहिलं बोंड तोडायचं. मी दहीभात घेऊन पुढे गेले होते, बाया मागून येत होत्या. सूत गुंडाळत होते तोच मागे आरडाओरडा झाला.

"आली वो माय! मारकी आली! इळा हाय हातात!"

बाया पळाल्या. कमरेला बांधलेल्या वेचणीच्या ओट्या सुटल्या, वहाणा तिथेच राहिल्या. ज्या जिभेने जगाला सुळावर चढवतात त्या सगळ्या बांध ओलांडून गेल्या, एक वळून बघेना. मी वळले. तू तासातून येत होतीस. अनवाणी, केस मोकळे, हातात इळा. कापसाच्या ढिगातून काढून आणला होतास तू तो, म्हणून त्याला जागोजाग कापूस चिकटला होता. पांढरा, मऊ. अजून डोळ्यांपुढे आहे.

आता नीट ऐक, कारण हेच तुला विचारायचं होतं.

तू माझ्यावर धावली नाहीस. तू माझ्यापासून पाच हातांवर थांबलीस, खाली बसलीस आणि काळी माती उकरायला लागलीस. डाव्या हाताने, नखांनी. इळा उजव्या हातात होता, पण उकरायलाही वापरला नाहीस तो. मी ओरडले, "काय करून राह्यली वो?" तू म्हणालीस, "पुरून टाकतो. हा पुरला का मंग कोनीच कोनाले मारनार नाई. कुऱ्हाड बी आनतो. तू कोनाले सांगू नको." आणि इळा माझ्यापुढे धरलास. मूठ माझ्याकडे, पातं तुझ्याकडे. असा धरतात देताना, तुला मीच शिकवलं होतं लहानपणी.

आणि मी, तुझी मोठी माय, स्वतःला शहाणी म्हणवणारी, मी काय केलं? मूठ समोर असताना मी पातं धरलं आणि हिसकलं. भीतीने. हिसकताना तळहात इकडून तिकडे फाटला. रक्त माझं, चूक माझी, आणि ओरडलीस तू. स्वतःच्या ओढणीने माझा हात दाबून धरलास तू. ते रक्त तुझ्या अंगावर आलं ते असं आलं.

तेवढ्यात पिंपळगाव राजाची ती बांगड्यावाली चाची वाटेने येत होती. टोपली डोक्यावर. पाहुणे येणार म्हणून तुला बांगड्या भरायला मीच बोलावली होती तिला. बाया बांधापलीकडून ओरडत होत्या, "चाची, जाऊ नको, मारून राह्यली!" ती थांबलीही नाही. टोपली बांधावर ठेवली, माझा हात बघितला, घट्ट बांधला. मग तुझं मनगट धरलं, बांगडीचं माप घेते तसं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हात थरथर कापतेत पोरीचे. डरी हुई है बच्ची. ये बीमारी है, बदमाशी नहीं. माया भाऊ असाच होता. आम्ही दर्ग्यावर नेला, इथं नेला, तिथं नेला, दोन सालं खराब केली. तुम्ही नका करू. आजच चला."

आजच. हा शब्द चार महिन्यांत आपल्या घरात एकाही माणसाने उच्चारला नव्हता. पऱ्हाटीच्या पानासाठी उच्चारला होता.

तिकडे भगत ओट्यावर चहा पीत बसला होता, आम्ही मागच्या वाटेने फाट्यावर गेलो. एका बाजूला मी, एका बाजूला चाची, मध्ये तू. बुलढाण्याच्या बसमध्ये तू माझ्या खांद्यावर झोपलीस. किती दिवसांनी झोपली होतीस कोण जाणे.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर बाई वयाने तुझ्यापेक्षा थोडीच मोठी. तिने मला बाहेर काढलं नाही, पण गप्प बसवलं. तुला सरळ विचारलं, "तुला काय ऐकू येतं? काय दिसतं? कुणाला मारावं असं तुझ्या मनात येतं का?" मी म्हटलं, हे असं तोंडावर विचारतात का! पण तू पहिल्यांदा मोकळेपणाने बोललीस. म्हणालीस, "नाई. मले वाटते मले मारतीन. नाईतर आईले. मले लय भेव वाटते." एवढंच. एका प्रश्नात उत्तर. आम्ही चार महिने एकमेकांना विचारत होतो, तुला कोणी विचारलंच नव्हतं.

मग तिने मला समजावलं. हा आजार धरायला लागतो तेव्हा पुष्कळांच्या मनात मारण्या-मरण्याच्याच गोष्टी येतात. याचा अर्थ ते माणूस मारकं आहे असा नाही, बहुतेक वेळा तेच सगळ्यांत जास्त भ्यालेलं असतं. पण म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. विचारायचं, ऐकायचं आणि लवकर आणायचं. "तुम्ही उशीर केलात, पण फार नाही," असं म्हणाली.

पुढचं तुला आठवतं. गोळ्या, खेपा, आधी नुसती झोप, मग हळूहळू तू. पाहुण्यांना मी स्वतः निरोप धाडला, येऊ नका. तुझे बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, मला फार निवांत वाटलं. तू परीक्षा दिलीस, नोकरीला लागलीस, सगळं सांगून लग्न केलंस. जावयांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, गोळ्या कधी घ्यायच्या असतात. त्या एका वाक्यावर मी त्यांना ओवाळलं.

आता एक राहिलं.

त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर बाया आल्या. बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाल्या, "हाणला नं तिनं?" आणि मी म्हटलं, "लागलं." लागलं! कोणामुळे, कसं, काही नाही. पातं मीच धरलं, ही लाजेची गोष्ट वाटली मला. आणि खरं सांगू, सगळ्या जणी माझ्याभोवती बसल्या होत्या, हळद आणून देत होत्या, माझं कौतुक चाललं होतं. तेही बरं वाटलं. माझ्या मोठेपणासाठी मी तुला तसंच राहू दिलं. मारकी. पारावरच्या रिकामटेकड्यांना मी एवढी नावं ठेवली, पण त्यांना तुझी माहिती नव्हती, मला होती. त्यांच्यापेक्षा खालची मी.

तुझा फोन ठेवला आणि मी रात्र व्हायची वाट पाहिली नाही. तूर तशीच टाकली, सरळ हातपंपावर गेले. सात-आठ जणी होत्या. तळहात उघडून पुढे धरला. म्हटलं, "पाहा. हा वण मायाच अकलेचा हाय. पोरीनं मूठ देली होती, म्या पातं धरलं. आजपासून कोनी तिले मारकी म्हनलं, तर आंधी मले म्हना." एक जण खुदकन हसली. म्हणाली, "अवो, अकरा वर्सांनं आठवलं का तुमाले?" बरोबर बोलली. दुसरीने कळशी उचलली आणि गेली. गाव बदललं बिदललं नाही, तशी आशाही ठेवू नकोस. पण आता खोटं बोलतील तर जाणूनबुजून बोलतील.

आणि तू? तू ते नाव स्वतःच्या घरात नेऊन ठेवलंयस. विळी घराबाहेर काढलीस म्हणजे आमच्या ह्यांचंच उलथनं लपवणं झालं ते. लेक मोठी होईल तेव्हा तिला काय दिसेल? आईपासून वस्तू लपवतात, एवढंच. डॉक्टर बाईला जाऊन विचार हवं तर. गोळ्या चालू ठेव, मनात चित्रं आली तर त्याच दिवशी सांग, जावयांना सांग, मला सांग. यावेळी तेल नाही लावणार डोक्याला.

या आश्विनात पुन्हा पहिली वेचणी आहे. सीतादही करायचंय, आणि माझे गुडघे आता तासात वाकत नाहीत. सूत तू गुंडाळ, लेकीला पहिलं बोंड तोडू दे. परसातल्या वेलाला काकड्या आल्यात, कोवळ्या आहेत. विळी घासून ठेवली आहे, उघड्यावर, चुलीशेजारी. कोशिंबिरीची काकडी तू चिरायचीस, लेक मांडीशी बसलेली असताना, माझ्यासमोर. मी काही हिसकावणार नाही.

काकड्या जून व्हायच्या आत ये वो माय.